पट उजेडाचा चालेल, कवड्या मात्र खऱ्या द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे मुलांसाठी एक प्रदर्शन भरलं होतं. त्यात एका अंधाऱ्या खोलीत जमिनीवर चल्लस-आठचा, म्हणजे कवड्या टाकून सोंगट्या चालवायच्या खेळाचा, पट चक्क उजेडाने काढला होता. पाच बाय पाच घरं, चार बाजूंना चार फुल्या, मधोमध एक मोठी फुली. आमच्या लहानपणी हाच पट आम्ही ओसरीवर खडूने, नाहीतर कोळशाने काढायचो. सोंगट्या म्हणजे बांगड्यांचे तुकडे, चिंचोके, खापऱ्या, जे हाताला लागेल ते. इथे एकेक घर दोन-दोन फुटांचं. छताला प्रोजेक्टर, शेजारी कॅमेरा. पाय कुठे पडला ते कॅमेरा टिपतो आणि त्याप्रमाणे संगणक जमिनीवरचं चित्र बदलतो. सात वर्षांच्या नातीचा हात धरून आत गेले तेव्हा, खरं सांगते, मी हरखून गेले.

दहा मिनिटांत खटकायला लागलं. कवड्या नव्हत्याच. कोपऱ्यातल्या एका गोलावर उडी मारली की खुळखुळ आवाज व्हायचा, भिंतीवर आकडा यायचा आणि सोंगटी जिथे जायची ते घर लुकलुकायला लागायचं. त्यावर पाय द्यायचा, झालं. घरं मोजायचीसुद्धा गरज नाही. माझी नात तर खाली बसून लाल सोंगटी उचलायलाच गेली. सोंगटी तिच्या बोटांवरून मनगटावर चढली आणि खालच्या घरात हाताची काळी सावली पडली. दोनदा प्रयत्न करून ती उठली आणि म्हणाली, "आजी, ही येतच नाही."

मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, त्यामुळे पुढची गोष्ट कदाचित मलाच जास्त बोचली असेल. आठ फार वेळा पडत होतं. तिकिटाच्या पाठीवर रेघोट्या ओढत मी चाळीस दानं मोजली. त्यात नऊ वेळा आठ. चार कवड्या टाकल्या की उताण्या-पालथ्याचे सोळा प्रकार होतात. त्यातल्या सहांत दोन उताण्या पडतात, चारांत एक, चारांत तीन; जितक्या उताण्या तितकं दान. चारी उताण्या, म्हणजे चल्लस किंवा चार, एकाच प्रकारात. चारी पालथ्या, म्हणजे आठ, तेही एकाच. कवडी काही नाण्यासारखी सपाट नसते. तिची पाठ फुगीर, तोंड चपटं, तेव्हा प्रत्यक्षात हा हिशेब थोडा इकडेतिकडे होतो. तरी आठ पडलं की आळीभर ओरडा व्हायचा, तो काही उगाच नव्हे.

तिथे लॅपटॉप सांभाळणाऱ्या मुलाला विचारलं. तो अगदी सरळपणे म्हणाला, "आजी, एक, दोन, तीन, चार आणि आठ असे पाचच आकडे आहेत ना? सगळ्यांना सारखा चान्स दिलाय." म्हणजे सोळांतून एकदा यायचं ते दान पाचांतून एकदा! चल्लस आणि आठ पडलं की पुन्हा टाकायला मिळतं. त्यामुळे एकच पोरगा गोलावर उड्या मारत राहायचा आणि बाकीचे तिघे भिंतीला टेकून वाट बघायचे. मुलांना खेळ कंटाळवाणा वाटला तर त्यांचा काय दोष? म्हाळसेशी सारीपाट हरून खंडोबा बाणाईची मेंढरं राखायला गेला, अशी लोककथा आहे. त्या डावाची दानं या लॅपटॉपने टाकली असती तर डाव संपलाच नसता, आणि बिचारी बाणाई वाट बघत बसली असती.

दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातल्या डब्यातून चार कवड्या काढल्या आणि पर्समध्ये टाकून पुन्हा गेले. तो मुलगा समजूतदार निघाला. त्याने तो गोल बंद केला. मुलांनी कवड्या टाकायच्या, पडलेला आकडा ओरडून सांगायचा आणि त्याने तो लॅपटॉपवर घालायचा. लुकलुकणारं घरही मी बंद करायला लावलं. तासाभरात खोलीचा नूर पालटला. मुलं उकिडवी बसून कवड्या घोळवायला लागली. एक कवडी भिंतीला लागून तिरकी राहिली, ती उताणी की पालथी यावरून जे भांडण पेटलं ते मिटवायला दोन आया आत आल्या. एकजण घरं मोजताना मुद्दाम एक घर गाळायचा. दुसऱ्याच फेरीत माझ्या नातीने त्याला पकडलं. आतल्या घरांत शिरण्याआधी एक तरी सोंगटी मारलेली असली पाहिजे, हा आमच्या आळीतला नियम. नागपूरहून सुट्टीला आलेला एक मुलगा म्हणे, आमच्याकडे तसं काही नसतं. यंत्रात मात्र एकच नियम घालून ठेवलेला. शेवटी मुलांनी मतं घेतली आणि नागपूर हरलं.

मी तंत्राच्या विरोधात आहे असं कृपया समजू नये. माझे गुडघे मला मांडी घालून जमिनीवर बसू देत नाहीत, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीची दोन वर्षं मला कापडी पटावरच्या रेघा दिसायच्या नाहीत. हाच पट छतावरून जेवणाच्या टेबलावर पाडला, हवा तेवढा मोठा केला, तर माझ्यासारख्या कितीजणींना पुन्हा खेळता येईल! नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठातल्या संशोधनातून 'टोव्हरटाफेल', म्हणजे जादूचं टेबल, तयार झालं आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसमोर टेबलावर उजेडाची पानं पडतात आणि हाताने सारली की बाजूला होतात. आपल्या वृद्धाश्रमांत तसं टेबल आलं आणि त्यावर पानांऐवजी सोंगट्यांचा पट पडला, तर आजीआजोबांना तो शिकवावा लागणार नाही.

आणखी एक जागा सुचते. नाशिकच्या पांडवलेण्यांत आणि कितीतरी किल्ल्यांवर कातळात कोरलेले बैठ्या खेळांचे पट आहेत. बरेचसे इतके झिजलेत की लोक त्यावर पाय देऊन पुढे जातात. कुणी फोटोसाठी त्यांच्या रेघांत खडू भरतं, तेही दगडाला बरं नाही. संध्याकाळच्या वेळी त्या रेघा नुसत्या उजेडाने दाखवल्या, तर दगडाला हात न लावता लोकांना कळेल की इथे कुणीतरी बसून डाव मांडला होता.

घरी येऊन भाच्याच्या मदतीने या तंत्राची थोडी माहिती काढली. केंब्रिजमधल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पिएर वेलनर या संशोधकाने १९९१ मध्ये 'डिजिटल डेस्क' दाखवला होता. साधं लिहायचं टेबल, वर प्रोजेक्टर आणि कॅमेरा. टेबलावर छापील कागद ठेवायचा, त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवायचं, की तो आकडा टेबलावर पडलेल्या उजेडाच्या गणकयंत्रात जायचा. म्हणजे सुरुवातीलाच कागद कागदच राहिला होता, उजेड त्याच्या मदतीला आला होता. आपण मात्र आधी कवड्या काढून टाकल्या.

म्हणून असे खेळ बनवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पट तुमचा, रंग तुमचे, आवाजही तुमचे, पण दान आणि मोजणी आमच्या पोरांकडे राहू द्या. कवड्या टाकायला पटाशेजारी हातभर जागा सोडा आणि तिथे रंगीत चित्र पाडू नका, त्यात कवडी दिसत नाही. नियम बदलायची सोय ठेवा. आणि यंत्रानेच दान टाकायचं असेल, कुणाचे हात थरथरत असतील म्हणून, तर निदान ते सोळांच्या हिशेबाने टाका.

मे महिन्यात हेच प्रदर्शन पुन्हा येणार असल्याचं कळलं. कवड्यांची अडचण असेल तर मी द्यायला तयार आहे, डब्यात अजून तेरा शिल्लक आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा