आकड्यांआड मूल हरवू नये

अवयवदान दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. आवाहन योग्यच; पण त्यातल्या बालदात्यांची ओळख वय आणि अवयवांची संख्या यापुढे गेली नाही, हे मनाला लागले. ते मूल कसे होते हे कळले की वाचक थांबतो, विचार करतो.

सात वर्षांचा अमेरिकी मुलगा निकोलस ग्रीन १९९४ मध्ये कुटुंबासह इटलीत प्रवास करताना दरोडेखोरांच्या गोळीने जखमी झाला आणि १ ऑक्टोबरला गेला. ज्या देशात पोर गमावले, तिथल्याच सात जणांना आई-वडिलांनी त्याचे अवयव व नेत्रपटल दिले. वडील रेज ग्रीन त्यानंतर वर्षानुवर्षे आपल्या लेकाविषयी बोलत, लिहीत राहिले. पुढच्या दहा वर्षांत इटलीतील अवयवदानाचे प्रमाण तिपटीवर गेले. यकृत मिळालेली, मरणाच्या दारातून परतलेली तरुणी पुढे आई झाली. तिने मुलाचे नाव निकोलस ठेवले! कॅलिफोर्नियात बोडेगा बे येथे त्याच्या स्मरणार्थ मनोरा आहे. त्यावरच्या घंटा बहुतेक इटालियन लोकांनी पाठवलेल्या: चर्चच्या, शाळेच्या, गाईंच्या गळ्यातल्यासुद्धा. मधल्या मोठ्या घंटेवर निकोलसचे आणि त्या सातही जणांचे नाव कोरले आहे.

आपल्याकडेही पालकांची तयारी असेल तिथे त्या मुलाविषयी दोन ओळी जरूर छापाव्यात. डबा कोणाबरोबर वाटून खायचा, वर्गात नवीन आलेल्याशी आधी कोण बोलायचे, एवढे जरी आले तरी पुरे.

— एक पालक, सातारा