पहिला चीक पाजणाऱ्या चाचांना

चाचा, सलाम.

तुमचा नंबर लागत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तुम्ही गावाकडे निघालात, तिसऱ्या दिवशी "पोचलो" एवढा निरोप आला आणि त्यानंतर फोन बंद तो बंदच. म्हणून चारचौघांत लिहितोय. मराठी तुम्ही झकास बोलायचात, वाचायचा मात्र कंटाळा. पुण्याच्या पागेतलं किंवा घोडी पैदा करणाऱ्या एखाद्या स्टडवरचं कुणीतरी वाचून दाखवील, अशी आशा आहे.

आम्ही शिरूरचे. गावाचं दुसरं नावच घोडनदी, आणि पूना हॉर्स रिसाल्याची जुनी छावणीही इथलीच. माझ्या आज्याकडे बैलगाड्यापुढे पळवायची घोडी होती. जत्रेच्या घाटात ती सुटली की लोक टोप्या उडवायचे. त्यामुळे घोडं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज. लागोपाठ दोन वर्षं कांद्यानं रडवलं तेव्हा मी रेस सोडलेली एक थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची, घोडी स्वस्तात घेतली, विहिरीजवळच्या तुकड्यात लसूणघास केला आणि रेसची घोडी पैदा करणारा झालो. बायको म्हणाली, "कांदा निदान रात्री उठवत तरी नाही."

तुम्ही पहिल्यांदा आलात ते नालबंदाच्या गाडीवर मागे बसून. तो खूर तासत होता आणि तुम्ही बांधाकडे बघत होतात. "ही काटेरी तार कुणासाठी?" म्हणालात. डुकरांसाठी, मी सांगितलं. "घोडं डुकराआधी अडकेल." मग तोबऱ्यात हात घालून तुम्ही पेंड नाकाला लावलीत. गाईंचाच खुराक मी तिला घालत होतो. गाईच्या काही खुराकात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला ते मानवतं आणि घोड्याच्या काळजाला विष होतं, हे मला त्या दिवशी कळलं. सबंध पोतं तुम्ही परत गोठ्यात नेऊन ठेवायला लावलंत. राग आला होता मला. पागेतला मोतद्दार, आणि माझ्याच रानात मला शिकवतो!

गाय माजावर आली की डॉक्टर कांडी घेऊन येतात, तसंच घोडीचंही असेल असं मी धरून चाललो होतो. तुम्ही हसलात. थरोब्रेडात कृत्रिम रेतन चालत नाही. घोडी घोड्याकडे न्यायची, नाहीतर शिंगराची नोंदच होत नाही. वर तारखेचं गणित. शिंगरू कधीही जन्मो, त्याचं वय १ जानेवारीला एक वर्षानं वाढणार. डिसेंबरच्या शेवटी व्यायली तर दोन दिवसांचं पिल्लू कागदावर वर्षाचं! मी म्हणालो, आमच्या पिढीला मास्तरांनी १ जून दिला, घोड्यांना १ जानेवारी. हे तुम्हाला इतकं आवडलं की नंतर येईल त्याला सांगत सुटलात.

आता फेब्रुवारी २०१९ ची ती रात्र. आधीचे दोन दिवस घोडीच्या सडांतून दूध ठिबकत होतं. गाईवरून मी म्हटलं, वा, दुधाला चांगली दिसते. कुणाला विचारलंही नाही. रात्री अडीचला व्यायली, मादी शिंगरू, कपाळावर चांदणी. तासाभरात धडपडत उभंही राहिलं. फोन तुम्हाला लावला तो आनंदानं, मदतीसाठी नव्हे. तुम्ही एकच विचारलंत, "दूध कधीपासून गळतंय?" मी सांगितलं, आणि पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही.

चीक गळून गेला होता. माणसाच्या बाळाला पोटातच आईकडून थोडीफार प्रतिकारशक्ती मिळते, शिंगराला तशी मिळत नाही. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की त्याचं आतडं ते शोषून घेत नाही. दिसायला शिंगरू ठणठणीत, आणि आठवड्यात साध्या जंतूनं जातं.

तुम्ही स्टडवरच्या डॉक्टरांना झोपेतून उठवलंत, त्यांची परवानगी घेऊन फ्रीझरमधला दुसऱ्या घोडीचा चीक काढलात आणि थर्मासमध्ये घालून मोटरसायकलवर आलात. पाच वाजत आले असतील. कानटोपीवर दव. मी पिशवी घेतली, पातेल्यात ओतली आणि पातेलं सरळ गॅसवर ठेवलं. तुम्ही मागून येऊन माझा हात धरलात. "खरवस करायचाय का?"

चाचा, ते वाक्य आमच्या घरात अजून चालतं. पोरगा घाईत काही बिघडवायला निघाला की त्याची आई तेच म्हणते.

मग कोमट पाण्यात ती पिशवी तुम्ही तळहातावर उलटीपालटी करत राहिलात, आणि शेळीच्या करडाला पाजायच्या बाटलीनं पाव पाव लिटर, तासातासानं पाजलंत. मधल्या वेळात पडलेली वार गोणपाटावर पायजम्यासारखी पसरून दोन्ही टोकं शाबूत आहेत का ते पाहिलंत. तुकडा आत राहिला तर घोडी जाते, म्हणालात. गाईची वार आम्ही बारा तास वाट बघतो. घोडीची तीन तासांत पडली नाही तर डॉक्टर बोलवायचा. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, ठीक निघालं. पैसे तुम्ही घेतले नाहीत. बाजरीची पायली घेतलीत, तीही बायकोनं डिकीत कोंबली म्हणून.

पुढे शिंगराची स्टड बुकात, म्हणजे थरोब्रेडांच्या वंशावळीच्या वहीत, नोंद झाली. बाप, आई, रंग, भोवरे, खुणा, मायक्रोचिप, डीएनए, पैदास करणारा म्हणून माझं नाव. रकाने पुष्कळ आहेत त्या कागदात. चीक कुणी पाजला, याला रकाना नाही. हे पत्र त्याचसाठी.

चांदणी विकली गेली. भाव फार आला नाही. लॉकडाऊननंतर कुणाच्याच हातात पैसा नव्हता. २०२२ च्या पावसाळ्यात ती पुण्याच्या रेसकोर्सवर पळाली. पहिल्यांदा सहावी, मग चौथी, आणि तिसऱ्यांदा १२०० मीटरला घोड्याच्या अर्ध्या लांबीनं पहिली. डर्बी नव्हे, साधी शर्यत. पेपरात एक ओळ. मी रेलिंगला होतो. शेजारचा माणूस तिच्यावर पैसे हरला होता की जिंकला होता कोण जाणे, पण मला पाणी त्यानंच दिलं.

पाय दुखावल्यावर मालकानं तिला परत माझ्याकडे पाठवलं. आता तीच गाभण आहे, दिवस भरत आलेत. तार केव्हाच काढली, लाकडी कुंपण केलंय. फ्रीझरमध्ये चिकाच्या दोन पिशव्या आहेत. तिसरी मागच्या वर्षी मी स्वतः मोटरसायकलवरून दुसऱ्याकडे पोचवली, तुमच्याच थर्मासमधून. तो तुम्ही विसरून गेला होतात. झाकण जरा सैल झालंय.

हे कुणी वाचून दाखवलं तर फोन करा. कितीही वाजता. रोज संध्याकाळी सडांना हात लावून बघतो, अजून कोरडे आहेत, पण रात्री मी जागाच असतो.

तुमचा,
घोडनदीवाला