‘नस गेली’ म्हणून सोडून देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कानाची नस सुकलीय, आता काही होत नाही.’ या एका वाक्यावर माझी आई अकरा वर्षं घरात बसून राहिली. टीबी गोळ्यांना दाद देईना म्हणून तिला इंजेक्शनं सुरू केली होती. टीबी बरा झाला, पण दोन्ही कान गेले. आवाज मोठा करणारं कानाचं मशीन लावूनही उपयोग झाला नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात दाराशी पाटी-पेन्सिल आली. आम्ही लिहायचं, आईनं बोलायचं. सगळे हसले की तीही हसायची, जरा मागून.

दोन वर्षांपूर्वी तिला पुण्यात दाखवलं, तेव्हा खरी गोष्ट कळली. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा कर्णावर्त असतो. त्यात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात, सुमारे १५ हजार. माणसात त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि त्या इंजेक्शनांचा घाव आधी त्यांच्यावरच बसतो. आवाज पुढं मेंदूकडं नेणाऱ्या चेतापेशी वेगळ्या, ३० हजारांच्या आसपास. मांजर, गिनिपिग यांच्यात केसपेशी गेल्या की चेतापेशीही काही आठवड्या-महिन्यांत झडू लागतात. माणसाचं तसं होत नाही. केसपेशींपर्यंत पोचणारे त्यांचे धागे झडतात, पण मूळ पेशी बहुतेकांत वर्षानुवर्षं तग धरतात. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, चालतं ते याच पेशींच्या जिवावर. कर्णावर्तात सरकवलेल्या बारीक तारेवर १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात, ते या पेशींना थेट विजेचा संदेश देतात.

म्हणजे आपण ज्याला ‘नस गेली’ म्हणतो, त्यात पुष्कळदा नस शाबूत असते. काही मुलांना जन्मतःच ही नस नसते हे खरं, पण ते एमआरआयमध्ये दिसतं. न तपासता कुणी सांगू नये.

आईचं ऑपरेशन झालं. महिनाभरानं इम्प्लांटचं मशीन सुरू केलं, तेव्हा ती म्हणाली, “सगळी चिमण्यांगत बोलाय लागल्यात.” मग दर थोड्या दिवसांनी मॅपिंग, म्हणजे मशीनचे संदेश तिला सोसतील असे जुळवणं, आणि रोज ऐकण्याचा सराव. एका सकाळी ती सोप्यातूनच ओरडली, “तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर!” माझ्या बायकोच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. महाद्वार रोडच्या गर्दीत तिला आजही नीट समजत नाही, गाणं पूर्वीसारखं गोड लागत नाही. पण पाटी आता नातवाच्या दप्तरात गेली.

दोन ठिकाणी मात्र थांबून चालत नाही. मेंदूज्वरानं बहिरेपण आलं तर कर्णावर्तात हाड भरू लागतं आणि तार आत जायला जागाच उरत नाही. आणि जन्मतः बहिरं मूल. त्याची नस टिकली तरी मेंदूचं भाषा शिकण्याचं वय पहिल्या तीन-चार वर्षांतच निसटतं. ‘बाप पण उशिराच बोलला होता’ म्हणत आपल्याकडं तीच वर्षं जातात. लहान मुलांच्या इम्प्लांटला केंद्राच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी योजना) मदत मिळते, हे गगनबावडा-चंदगडच्या आईबापांपर्यंत पोचलेलं नाही. बाळंतपण झालं त्याच दवाखान्यात बाळाचे कान तपासूनच त्याला घरी सोडावं, ही माझी जिल्हा प्रशासनाला हात जोडून विनंती आहे.

कुणाच्या घरी असं माणूस असेल, तर आपल्याकडून माझा पत्ता जरूर घ्यावा. आई स्वतः बोलेल त्यांच्याशी.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर