सुभ्या, सायकल माडीवर नव्हती

गावभाग, सांगली
१२ जानेवारी २०२५

प्रिय सुभ्या,

दिवाळीला तुझं पत्र आलं, संक्रांत तोंडावर आली तरी उत्तर नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर थोड्या राखून ठेव, पुढं लागतील. तब्येत बरी. साखर वर, गुडघा खाली. झालं.

आता मुद्द्याचं. २०१९ च्या ऑगस्टात तू नागपूरहून फोन केलास. आधी विचारलंस, "सगळे सुखरूप ना?" आणि लगेच, "माझी सायकल?" मी म्हटलं, "माडीवर नेली." नव्हती नेली, लेका. कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही आईला, शेगडीला आणि तांदळाच्या डब्याला वर चढवत होतो. सायकल जिन्याखालीच राहिली. पाणी उतरलं तेव्हा तिच्या सीटच्या नळीतून गाळ निघाला, गिअरचं तर नावच घेऊ नकोस. धुतली, तेल दिलं, गोणपाट टाकलं. पुढं तू विचारलंस की मी "आहे, आहे" म्हणायचो. तसं ते खोटं नव्हतं. होती.

यंदा खंडेनवमीला हार घालायला बाहेर काढली तर ही म्हणाली, "चालते का, की नुसता हारच?" ते लागलं. टेम्पोत घालून मिरजेला नेली, त्याच मिस्त्रीकडं. म्हातारा झालाय पण तिरका तसाच. फ्रीव्हीलचा, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या चक्राचा, गाळानं दगड झाला होता. पाना शिकंज्यात आवळला, त्यावर चाक ठेवलं आणि रिम धरून दोघं लोंबकळलो तेव्हा ते सुटलं. नवीन गिअर घालू का म्हणाला. मी म्हटलं, नको, असलेलेही काढ. चष्म्यावरून बघत म्हणाला, "सायब, दुनिया गिअर बसवायला येतीया. दूधवाल्याची सायकल घ्या की मग!"

पण दूधवाल्याच्या सायकलला फ्रीव्हील असतं. हिला तेही नाही. मागचं दातेरी चक्र थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, आणि ते सुटू नये म्हणून वरून उलट्या आट्याची रिंग. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, तुझी इच्छा असो वा नसो. तुझ्या जुन्या हबवर त्या रिंगला जागाच नव्हती, म्हणून मुंबईहून नवा मागवला. तो १२० मिलिमीटरचा, आपला मागचा चिमटा १२६ चा. दोन्हीकडं तीन-तीनचे वायसर घातले. चाकाची खाच आडवी म्हणून तर हे जमलं. चाक मागं सरकवायचं की चेन ताणली. खाच उभी असती तर मिस्त्रीनं मला हाकलून दिलं असतं. पुढं ४२ दात, मागं १७. चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढताना तारा छेडून आवाज ऐकत बसला होता. शेवटी सतारींच्या मिरजेचा माणूस, एखाद दिवशी सायकलला तुंबाही बसवेल.

आता खरं सांगतो, हे का केलं. दंडोबाच्या चढावर मी तुला मागं टाकलं त्याला तेहेतीस वर्षं झाली, आणि तेहेतीस वर्षं तू "गिअर टाकताना चेन पडली" हेच पुराण लावलंयस. घे, आता गिअरच नाहीत. काय पडतंय बघू. टूर द फ्रान्सवाल्यांनी १९३७ पर्यंत आपल्यासारखे गिअर शर्यतीत येऊच दिले नव्हते. ती शर्यत सुरू करणारा देग्रांज म्हणायचा म्हणे, गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी. तू आणि मी त्या हिशेबात कुठं बसतो ते काढू नकोस.

पहिल्या दिवशी पहाटे हरिपूरच्या रस्त्याला गेलो. खड्डा दिसला, सवयीनं पाय थांबवले आणि पायडलनं मला सीटवरून उचललं. पडलो नाही. पुढचा ब्रेक मिस्त्रीनं काढू दिला नव्हता, त्याचे उपकार. नंतर लय सापडली. आणि मग एक झालं. आपण हरिपूरला जायचो तेव्हा तू कायम दहा हात मागं, आणि पाय थांबवलेस की तुझ्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू यायची. त्यावरून मला कळायचं, आलाय मागं. परवा त्याच सायकलवर मी होतो आणि ती मुकी. संगमेश्वरापर्यंत तीनदा मागं वळून बघितलं. हिला सांगितलं तर म्हणाली, गाडी येत असेल. तुला सांगतोय.

अडलंय ते एका कानापाशी. मागचा गिअर जिथं लटकायचा तो लोखंडाचा कान फ्रेमबरोबरच घडवलेला आहे, नटबोल्टाचा नाही. मिस्त्री म्हणतो कापून टाकू, साफ दिसेल. कापला की पुन्हा तिथं गिअर चढणार नाहीत. दोनदा त्यानं करवत लावली, दोनदा मी चहा मागवला. तिसऱ्यांदा म्हणाला, "सायकल कुणाची हाय नक्की?" मी म्हटलं, माझीच. म्हणजे एकूण दोन खोटं झाली. वर असं वाटतं, तू आलास आणि बसलास तर? तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तुला ही कशी झेपणार? मग वाटतं, तू येतोस कुठं. २०२२ ला येतो म्हणालास, भडंग आणून ठेवलं, ते शेवटी मीच खाल्लं. गिअर बरणीत डिझेलमध्ये बुडवून ठेवलेत. काटा अजून हलतो.

चिमीचं ठरलं हे वाचून फार आनंद झाला. मुलगा पुण्याचा म्हणजे गप्पा जपून मार. तारीख कळव, आम्ही दोघं येऊ. वहिनींना नमस्कार.

कान कापू की ठेवू, एवढं एका ओळीत लिही. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून पुन्हा "माडीवर नेली" असंच निघेल.

तुझा,
अन्या