काठावरचा टणत्कार

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोन केला असता तर बाबांनी तो मध्येच आईकडे दिला असता, म्हणून लिहिते आहे. एक तारखेपासून मी बँकेची नोकरी सोडून ध्वनीच्या स्टुडिओत पूर्णवेळ रुजू झाले आहे. पगार थोडा कमी असला, तरी भाडे निघते आणि डबा वेळेवर येतो, तेव्हा आईने काळजी करू नये.

कंपनीच्या नावाचा आवाज, म्हणजे ऐकताच ती ओळखू यावी असा छोटा ध्वनी, करायला पैसे कोण देतो, असे बाबा विचारतील. वॉल्टर कॉफमन यांनी शिवरंजनीत बांधलेली आकाशवाणीची धून ऐकली, की अंथरुणातूनच स्टेशन ओळखता येत असे ना? संगणकावर ‘विंडोज ९५’ सुरू होताना वाजायला जेमतेम सव्वातीन सेकंदांचा तुकडा हवा होता, तर संगीतकार ब्रायन ईनो यांनी ८४ तुकडे रचले. माझे अजून चाळिसांवरही गेलेले नाहीत.

मला एका मसालेवाल्यांसाठी ‘घरगुती, पण आजचा’ असा ध्वनी करायचा होता. आठवडाभर सतार आणि संतूर जुळवून जे निघाले, ते कुठल्याही हॉटेलच्या लिफ्टमध्ये खपले असते. मग दिवाळीत टिपून ठेवलेला आईचा पितळी खलबत्ता ऐकला. कुटण्याचा खर्जातला ठोका मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून उमटतच नाही, म्हणून त्यावर वरच्या स्वरांचा पातळ थर दिला. आणि शेवटी, चिकटलेली वेलची झटकायला आई बत्ता काठावर आपटते, तो टणत्कार ठेवला. लहानपणी मी तिच्या मांडीवर पडलेली असताना तो ऐकला, की आता चहा होणार, हे मला कळत असे.

बाबा, हा ध्वनी तुम्हाला पाठवला तेव्हा ‘शेवट अर्धवट तुटला आहे’ असे तुम्ही कळवलेत. तो तुटलेला नव्हता. वय वाढते तसे उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात, यात कमीपणा काहीच नाही. उलट मसाला घेणारे तुमच्या वयाचेही असतात, म्हणून मी टणत्कार खाली उतरवला आणि तोच पसंत पडला. पण या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करायचीच, आणि मशीन सांगितले तर चष्म्यासारखे निमूट लावायचे. अहवालाचा फोटो मला पाठवा.

आई, खलबत्ता मोडीत देऊ नकोस. गणपतीत येईन तेव्हा तो पुन्हा टिपायचा आहे.

तुमची,
चिऊ