लोशनच्या बाटलीतलं पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये आपल्या पुरवणीत घरच्या घरी सुगंधी लोशन करायची कृती आली होती. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, खोबरेल, ‘थोडं’ मेण, ‘ई’ जीवनसत्त्वाच्या दोन कॅप्सूल आणि लिंबाचं किंवा लॅव्हेंडरचं इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेलं तीव्र सुगंधी तेल, ‘आवडीनुसार’. खाली चौकट होती: केमिकल नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, तीन महिने टिकतं. आमच्या कोपरीतल्या सोसायटीच्या महिला मंडळानं ती कृती जशीच्या तशी केली. १५ बाटल्या झाल्या. त्यातली एक माझ्याकडे आली.

मी रबाळ्याला सौंदर्यप्रसाधनांच्या एका कारखान्यात २४ वर्षं सूक्ष्मजीव तपासणीच्या लॅबमध्ये होते. ठाणे-वाशी लोकल सुरू व्हायच्या आधी बसनं जायचे, नंतर गाडीनं. काम तेच. प्रत्येक बॅचमधलं एक ग्रॅम क्रीम घ्यायचं, पातळ करायचं, पेट्री डिशमध्ये ओतायचं, इनक्युबेटरमध्ये ठेवायचं आणि वर आलेले ठिपके, म्हणजे वाढलेल्या सूक्ष्मजीवांचे पुंजके, मोजायचे. ग्रॅममागे हजाराच्या पुढे गेले की माल अडवायचा, मग प्रॉडक्शनवाले कितीही चिडोत. निवृत्त झाले तरी बाटली हातात आली की झाकण उघडून आत बघायची खोड गेलेली नाही.

मंडळाची बाटली बाथरूमच्या फळीवर ठेवली होती. जुलै महिना, भिंतींना ओल, टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नव्हते. नवव्या दिवशी झाकण फिरवलं. आधी लॅव्हेंडरचा वास आला आणि त्याच्या मागून ओल्या पोतेऱ्याचा. झाकणाला आतून जिथे आटे असतात तिथे राखाडी-हिरवी लव धरली होती. बाटली खिडकीपाशी उजेडात धरली तर तळाशी बोटभर पाणी सुटं झालेलं. ते होणारच होतं. नुसतं मेण तेल-पाण्याला बांधून ठेवत नाही. जुन्या पद्धतीच्या कोल्ड क्रीममध्ये मेणाच्या जोडीला टाकणखार (बोरॅक्स) असायचा, आता तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं इमल्सिफायिंग वॅक्स मिळतं. तुमच्या कृतीत दोन्ही नव्हतं.

बुरशी दिसली की माणूस बाटली फेकून तरी देतो. मला भीती त्याच्या आधीच्या दिवसांची वाटते. लोशन पांढरंशुभ्र, वास छान, आणि प्लेटवर मात्र ठिपके मोजता येऊ नयेत इतके दाट, असं मी लॅबमध्ये कितीदा पाहिलंय. ते टाचेच्या भेगांत गेलं, खरचटलेल्या हातावर किंवा डोळ्यांजवळ लागलं तर काय, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. कोरफडीचा ताजा गर तर जिवाणूंना आयतं जेवणच.

खरं तर यातलं काहीच आपल्याला नवीन नाही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला म्हणून माझ्या आईनं घर डोक्यावर घेतलेलं मला आठवतंय. आमच्याच मंडळातल्या बायका मे महिन्यात आंब्याच्या स्क्वॉशमध्ये सोडियम बेंझोएट मोजून घालतात, आणि तेच नाव लोशनमध्ये आलं की ‘केमिकल’ म्हणून नाकं मुरडतात! बेंझोएट आंबट गोष्टीतच नीट काम करतं, म्हणून ते प्रत्येक लोशनला चालत नाही, हे मान्य. पण फेनॉक्सीइथेनॉल नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह मिळतं, त्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे १०० ग्रॅम लोशनला जास्तीत जास्त एक ग्रॅम. ‘ई’ जीवनसत्त्व तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जिवाणूंना ते अडवत नाही. आणि त्वचेला सोसेल एवढ्याशा प्रमाणात लॅव्हेंडरच्या थेंबांवरही भिस्त ठेवता येत नाही. ज्यांना प्रिझर्व्हेटिव्ह नकोच आहे त्यांनी चमचा-दोन चमचे करावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि दोन-तीन दिवसांत संपवावं. तीन महिने कुठून आले ते मला खरंच कळलेलं नाही.

आता त्या ‘आवडीनुसार’बद्दल. आमच्या शेजारणीला लिंबाचा वास आवडतो. लोशनला वास कमी येतो म्हणून तिनं तळहातावर चमचाभर खोबरेल घेऊन त्यात लिंबाच्या इसेन्शियल ऑइलचे पाच-सहा थेंब टाकले, दोन्ही हातांना चोळले आणि अकरा वाजता जांभळी नाक्याला भाजीला गेली. दुसऱ्या दिवशी हात लाल आणि चरचरतायत. पुढच्या आठवड्यात तिथे तपकिरी डाग पडले, ते गणपती झाले तरी होते. घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी तेवढी जशीच्या तशी. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात असे घटक असतात की ते अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते. म्हणून अंगावर राहणाऱ्या वस्तूत ते दोन टक्क्यांच्या वर घालत नाहीत. बर्गमॉट या लिंबाच्याच जातीतल्या फळाचं तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली. तिनं घातलं ते पाच टक्क्यांच्या आसपास भरतं. ती बिचारी म्हणते, ‘पेपरात होतं ना!’

अंगाला लावायच्या साध्या तेलात इसेन्शियल ऑइल एक ते दोन टक्के पुरे, चेहऱ्याला त्याहून कमी. १०० मिलिलिटरला एक मिलिलिटर म्हणजे एक टक्का, साधारण २० थेंब, पण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. छोटा सोनारी काटा घ्यावा आणि वजनानं काम करावं. आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांबावं.

कृतीच्या शेवटी सर्दी झालेल्या बाळाच्या छातीला निलगिरी आणि कापूर चोळायला सांगितलंय, ते वाचून मात्र मी पेपर खाली ठेवला. निलगिरीचं तेल चमचाभर जरी पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. कापराचंही तेच. छातीला लावलेलं बाळाच्या मुठीत आणि मुठीतून तोंडात जायला वेळ लागत नाही. या एका ओळीचा खुलासा तरी आपण छापायला हवा होता.

मला या तेलांचं वावडं नाही. जम्मूकडच्या डोडा-भद्रवाहचं लॅव्हेंडर आता मिळतं, त्याचा एक थेंब माझ्या उशीच्या अभ्र्यावर असतो. आपल्या खानदेशातल्या रोशा गवताचं तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं आणि गुलाबाच्या तेलात भेसळ म्हणून खपायचं. आजही गुलाब, लिंबू, लॅव्हेंडर सगळ्यांची १० मिलिलिटरची बाटली एकाच भावात दिसली की ओळखावं, ते फ्रॅग्रन्स ऑइल, म्हणजे कृत्रिम सुगंध आहे. किलोभर गुलाबतेलाला काही हजार किलो पाकळ्या लागतात.

आता दिवाळीची प्रदर्शनं येतील आणि मंडळातही ‘आपण विकू या का’ अशी चर्चा आहे. विकायचं तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी म्हणजे तो परवाना नव्हे. मी हे मंडळात बोलले तेव्हापासून माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

पुन्हा कृती छापायची असेल तर बिनपाण्याची छापा. आम्ही राजापूरकडचे. आमच्याकडे कोकमाच्या बिया कुटून, उकळून वर येणारं मुठेल काढतात आणि त्याचे गोळे करून ठेवतात. पायांच्या भेगांना ते लावतच आपण मोठे झालो. ३० ग्रॅम मुठेल, ५५ ग्रॅम तिळाचं तेल, १५ ग्रॅम मधमाशीचं मेण, उकळत्या पाण्यावर दुसऱ्या भांड्यात वितळवायचं. गॅस बंद करून भांडं ओट्यावर घ्यायचं. कडेनं गढूळ व्हायला लागलं की एक ग्रॅम लॅव्हेंडर घालून कोरड्या डबीत ओतायचं. डबीत ओलं बोट घालू नये. पाणी नाही म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, आणि ठाण्याच्या उन्हाळ्यातही ते वितळत नाही.

महिला मंडळाच्या १५ बाटल्यांपैकी १२ मी परत गोळा करून ओतून टाकल्या. तीन भेट म्हणून पुढे गेल्या आहेत, एक डोंबिवलीला, दोन कुठे ते देणारीला आठवत नाही. खुलासा पुरवणीच्या पहिल्या पानावर छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक
कोपरी, ठाणे (पूर्व)
(नाव प्रसिद्ध करू नये.)