अंदमानात फिरायचं कशानं, हे पण छापा ना

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अंदमानवर पानभर लेख आला होता. फोटो मस्त होते, निळं पाणी, पांढरी वाळू, सेल्युलर जेल, सगळं होतं, पण आमच्यासारख्या खेड्यातून जाणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी जे लागते तेच नव्हतं, की तिथं उतरल्यावर एका जागेहून दुसऱ्या जागी जायचं कशानं. आम्ही यंदा जानेवारीत जाऊन आलो. कापूस विकून झाला होता, हरभऱ्याला पाणी द्यायला भाचा गावात होता म्हणून घर सोडता आलं. आई, मी, बायको, 17 वर्षांचा पोरगा, धाकटा भाऊ आणि त्याची बायको असे सहा जण. बल्लारशाहून रेल्वेने चेन्नई आणि तिथून विमान. चेन्नईहून जहाज पण जाते पण त्याला तीन दिवस लागतात, शेती असलेल्या माणसाला तेवढा वेळ कुठून आणायचा.

आता मुद्दा सांगतो. तालुक्याच्या एका एजंटाकडे पॅकेज घेतलं होतं. तो म्हणे, पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील, तिन्ही बेटावर गाडी आपलीच राहीन, तुम्ही फक्त बसायचं. आम्हाला वाटलं एकच गाडी सगळीकडे सोबत येते. तसं काही नसते. बेटाबेटांच्या मधात समुद्र आहे, बोटीत माणसं जातात, तुमची टॅक्सी जेट्टीवरच राहते आणि पुढच्या बेटावर दुसरी गाडी उभी असते, आणि ती दिवसभर नारळाच्या झाडाखाली उभी राहिली तरी तिचे पैसे तुमच्याच खिशातून जातात. निघायच्या आठ दिवस आधी नकाशा घेऊन बसलो तेव्हा हे ध्यानात आलं. नील बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत 5 किलोमीटरच्या आसपास, माझं वावर गावापासून तेवढ्याच अंतरावर आहे आणि तिथं मी रोज सायकलनं जातो. तेवढ्यासाठी दिवसभराची गाडी काहून करायची? गाड्यांचा भाग पॅकेजमधून काढायला लावला, अ‍ॅडव्हान्समधले पैसे काही परत भेटले नाहीत, पण एकदा ठरवलं ते ठरवलं.

पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम आहे, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप 2018 पासूनच. तिकिटावर नवं नाव असते आणि ऑटोवाला जुनंच बोलते, म्हणून दोन्ही पाठ करून ठेवा, आमचा भाऊ जेट्टीवर स्वराज द्वीपची रांग सोडून हॅवलॉकची रांग शोधत होता.

शहरात गाडीची गरजच नाही असं माझं मत झालं. अबर्डीन बाजाराजवळ राहिलो तर सेल्युलर जेल पायी जाण्यासारखी आहे, चढ आहे थोडा, आईसाठी तेवढ्यापुरता ऑटो केला. भाडं बसायच्या आधी ठरवून घ्यायचं. मोहनपुरा बसस्टँडवरून सरकारी बस वंडूरला जाते, चिडियाटापूला जाते, आणि भाडं इतकं कमी की सहा जणांचं मिळून पण टॅक्सीच्या जवळपास येत नाही. बसमध्ये शाळेची पोरं, मासळीच्या टोपल्या, बंगाली, तामिळ, हिंदी सगळं एकाच वेळी कानावर येते. माझ्या आईच्या बाजूला एक म्हातारी बसली होती, तिला हिंदी मोडकीतोडकी येत होती आणि आईला तर येतच नाही म्हटलं तरी चालते, पण दोघी उतरेपर्यंत गुडघ्यावर हात ठेवून ठेवून बोलत होत्या.

बोटीचं मात्र नीट समजून घ्या. हॅवलॉकला सरकारी बोट पण जाते आणि खाजगी पण. खाजगी साधारण दीड तासात पोहचवते, एसी असते, काचा बंद, सीटवर बसून राहावं लागते. सरकारीला अडीच तासाच्या आसपास लागतात पण डेकवर उभं राहता येते, वारा लागते, पाणी दिसते. आम्ही जाताना खाजगीने गेलो आणि भावाची बायको पूर्ण वेळ पिशवी तोंडाला लावून होती, आजूबाजूचे पाच-सहा जण पण तसेच. येताना सरकारीने आलो, ती डेकवर कठड्याला धरून उभी होती, काहीच झालं नाही. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नाही, अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, हे आम्हाला जेट्टीवरच्या एका हमालाने सांगितलं. सरकारी तिकिटं लवकर संपतात, आणि खरं सांगू का, ती बोट तिथल्या लोकांची एसटी आहे, त्यांचा दवाखाना, कॉलेज, कचेरी सगळं तिच्यावरच चालते, त्यामुळे आधी तारीख पक्की करून तिकीट काढा, ओळखपत्र सोबत ठेवा, आणि नाही भेटलं तर तिथं भांडू नका. दुसरी गोष्ट म्हणजे हवामान बिघडलं की बोट रद्द होते, तेव्हा विमानाच्या आदल्या रात्री श्री विजयपुरमलाच मुक्काम करा. आमच्यासोबत नागपूरकडचं एक जोडपं होतं, त्यांनी सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचं ठरवलं होतं, ती बोट सुटायला उशीर झाला तेव्हा त्या बाईचा चेहरा मी पाहिला आहे.

हॅवलॉकवर स्कूटर घ्यायची की ऑटो, यावर आमच्या घरात अर्धी रात्र वाद झाला. जेट्टीपासून राधानगर बीच दहा-बारा किलोमीटर, मधात चढउतार आणि वळणं, जंगल. बस आहे पण फेऱ्या मोजक्या. स्कूटर दिवसाला 500 रुपयाच्या आसपास भेटली. पोरगा म्हणे मी चालवतो, गावात तर चालवतोच ना. मी म्हटलं नाही, लायसन नाही, वय नाही, गावात चालवतो ती पण माझीच चूक आहे. तोंड पाडून मागे बसला. शेवटी दोन स्कूटर घेतल्या, एकीवर मी आणि पोरगा, दुसरीवर भाऊ आणि त्याची बायको, आणि आई अन् माझी बायको ऑटोत, ऑटोवाल्याशी जाणं, थांबणं आणि परत आणणं असं तिन्हीचं मिळून ठरवलं. हे ‘परत आणणं’ बोलायला विसरू नका, कारण तिथं सूर्य लवकर जाते. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला आहेत की जानेवारीत सव्वापाचच्या सुमाराला सूर्य बुडाला आणि पावणेसहाला अंधार. आपल्याकडे त्यावेळी गाई घरी येत असतात, उजेड असते, त्याच हिशोबाने माणूस बसून राहते.

सूर्य बुडाल्यावर राधानगरवरून सगळ्या स्कूटरी एकदम सुटतात. रस्त्यावर लाइट नाही, वळणावर वाळू आलेली, समोरून येणाऱ्या जीपचा फोकस डोळ्यात. भाऊ माझ्या पुढे होता, वळणावर त्याचं मागचं चाक सरकलं, स्कूटर आडवी झाली आणि दोघं रस्त्याच्या कडेला. मी गाडी टाकून धावलो. त्याचं कोपर सोललं होतं, तिच्या तळहातात बारीक खडे रुतले होते, पोराने मोबाइलचा लाइट धरला आणि मी पाण्याच्या बाटलीने ते एक एक करून धुतले. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. भाड्याने देणाऱ्याने आम्हाला हेल्मेट दिलं ते कोपऱ्यातून धूळ झटकून, आधी म्हणे इथं कोणी घालत नाही, आम्ही अडून बसलो म्हणून दिलं. हेल्मेटच्या बाजूला हा एवढा लांब ओरखडा होता, मी बोट फिरवून पाहिला. दुसऱ्या दिवशी स्कूटर परत केली तर त्या ओरखड्याचे पैसे द्या म्हणे, आणि पुढच्या मडगार्डच्या चिरेचे पण, जी आधीपासूनच होती. पोराने सकाळीच गाडीचा चारी बाजूने व्हिडिओ काढून ठेवला होता, तो दाखवला तेव्हा चिरेचे पैसे सुटले, ओरखड्याचे आम्ही दिले, ते आमचेच होते. म्हणून सांगून राहिलो, व्हिडिओ काढा, ब्रेक दाबून पाहा, पेट्रोल किती आहे पाहा, आणि राधानगरवरून उजेडात निघता येत नसेल तर स्कूटर घेऊच नका, ऑटो करा.

नीलला सायकली घेतल्या. तो दिवस मी विसरणार नाही. भरतपूर बीच जेट्टीला लागूनच आहे, तिकडे पायीच गेलो, आई अन् बायकोने ऑटो करून लक्ष्मणपूर पाहिलं आणि आम्ही चौघं सीतापूरकडे सायकलनं. रस्ता सपाट, दोन्हीकडे सुपारी, केळी आणि भाजीचे वाफे. अंदमानची भाजी नीलवरून जाते म्हणतात, ते डोळ्यानं पाहिलं. एका वाफ्यात वांगी होती, मी सायकल टेकवून उभा राहिलो तर मालक आला, बंगाली माणूस, त्याचे आजोबा फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेले आणि सरकारने इथं जमीन दिलेली. मी त्याला विचारलं शेंडे अळीला काय करता, त्याने एक वांगं तोडून उभं चिरून आतली अळी दाखवली, तीच, आपल्या वावरातलीच. अर्धा तास आम्ही बांधावर बसून होतो, त्याने नारळ फोडून दिला आणि पैसे घेतले नाहीत. एसी गाडीतून गेलो असतो तर तो वाफा मला दिसला पण नसता. एकच काळजी घ्या, नॅचरल ब्रिजला जायचं तर ओहोटीची वेळ आधी विचारून मग सायकल, ऑटो जे काय ते ठरवा, भरतीत तिथं जाता येत नाही.

आता जे लिहायला मी खरा बसलो ते. एजंटाच्या पॅकेजमध्ये बाराटांग होतं, म्हणजे चुन्याच्या गुहांचं बेट. रात्री तीनला उठून निघायचं, जिरकाटांगच्या चौकीवर गाड्यांची रांग लागते, पोलिसांसोबत ताफ्याने गाड्या सोडतात, आणि तो रस्ता, अंदमान ट्रंक रोड, जारवा आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जाते. फोटो काढायला बंदी, थांबायला बंदी. एजंट मात्र आवाज हळू करून म्हणे, नशीब असलं तर जारवा दिसतीन. आई तिथंच बसली होती. ती म्हणे, “ज्यायचं घर आहे त्यायच्या आंगणातून गाडी घालून त्यायले पाहाले जायचं? आपल्या घरी असं कोनी आलं त चालन का?” आमच्याच जिल्ह्यात जिवतीच्या डोंगरात कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे वस्त्या आहेत, आईचं माहेर तिकडचं, पोडावर जीप थांबवून लोकांनी लेकरांचे फोटो काढलेले तिने पाहिले आहेत. सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच जारवांच्या जंगलातून जाणारा हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं, 2012 मध्ये जारवा बायांना नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला तेव्हा देशभर बोभाटा झाला, 2013 मध्ये कोर्टाने काही आठवडे पर्यटकांना त्या रस्त्यावर बंदी पण घातली, मग ती उठली. रस्ता सुरूच आहे. उत्तरेकडच्या गावांना तो लागते हे मी समजतो, रुग्ण न्यायचा असते, भाजी न्यायची असते. पण आपण तर फिरायला गेलेलो असतो ना, आपल्याला काही अडलेलं नसते. आम्ही ते नाव खोडायला लावलं. चुन्याच्या गुहा राहून गेल्या, पोराला वाईट वाटलं, मला नाही वाटलं.

त्या दिवशी काय केलं तर श्री विजयपुरमच्या चॅथम जेट्टीवरून पलीकडच्या बांबू फ्लॅटला जाणाऱ्या फेरीबोटीत बसलो. माणसं, मोटारसायकली, ट्रक, सगळं एकाच बोटीत चढते आणि थोड्याच वेळात पलीकडे. भाडं नावाला. मागच्या मालिकेच्या 20 रुपयाच्या नोटेवर जे नारळाच्या झाडांचं चित्र आहे ते तिकडच्याच डोंगरावरून दिसणारं, नॉर्थ बे नावाच्या किनाऱ्याचं. आईने कमरेच्या पिशवीतून तशी एक जुनी नोट काढली आणि कठड्याला टेकून किती तरी वेळ एकदा नोटेकडे, एकदा पाण्याकडे पाहत होती.

साहेब, विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी बेटांवर लेख छापाल तेव्हा एक कॉलम बोटी, बस, सायकल, ऑटो यांच्यासाठी ठेवा, अंधार किती वाजता पडते ते लिहा, म्हाताऱ्या माणसाला कुठं पायी जमते आणि कुठं नाही ते लिहा. आणि बाराटांगचं नाव घ्याल तिथं तो रस्ता कोणाच्या घरातून जाते ते पण लिहा. यंदा कापसाचे पैसे आल्यावर आमच्या गावातली अजून तीन घरं जायचं म्हणून राहिली आहेत, त्यातल्या दोघांनी त्याच एजंटाकडे चौकशी केली आहे.

आपला नियमित वाचक,
एक शेतकरी, ता. वरोरा, जि. चंद्रपूर